दात दिसावेत, आवाज नको

"दात दिसले पाहिजेत," बेलवलकर साहेब म्हणाले, "पण आवाज नको."

आम्ही चौघी काचेच्या आत ओळीने उभ्या होतो. साहेब बाहेर, गिऱ्हाइकाच्या जागी, हातात वही घेऊन. त्यांनी एकेकीचं तोंड नीट तपासलं.

"नूरजहाँताई, छान. शालनताई, तुम्ही रागावल्यासारख्या दिसताय, जरा गाल सोडा. हिराबाई, तुमचे दात कुठे आहेत?"

"चार हायत सायेब," हिराक्का म्हणाली. "दोन वर, दोन खाली. कुठलं दावू?"

नूरीभाभी फिसकन हसली. साहेबांनी लगेच पेन वर केलं.

"हे बघा, हे नको. हे हसणं झालं. मला स्माइल पाहिजे. स्माइलला आवाज नसतो आणि स्माइल हलत नाही. एकदा चेहऱ्यावर ठेवलं की ठेवलं. गेस्ट समोर असेपर्यंत तसंच राहिलं पाहिजे."

"आन् छायाचं?" हिराक्कानं विचारलं.

साहेबांनी चौथ्या तोंडाकडे बघितलं. छाया खाली मान घालून परातीतलं पीठ बोटानं गोळा करत होती. सात महिन्यांपूर्वी तिचा नवरा याच हायवेवर गेला होता. मोटरसायकलला टँकर लागला. तेव्हापासून तिच्या तोंडावर स्माइलही नव्हतं आणि हसणंही नव्हतं.

"त्या ठीक आहेत," साहेब म्हणाले. "त्या शांत असतात. सगळ्यांनी त्यांच्यासारखं शांत राहायचं, फक्त दात दाखवून."

ही पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. कराडच्या अलीकडे हायवेवर आमचं हॉटेल होतं. झुणका-भाकर, भरलं वांगं, मटण. हॉलच्या एका अंगाला मोठ्या काचेची खोली केली होती आणि त्या खोलीत चार चुली. आम्ही चौघी तिथे भाकऱ्या थापायचो आणि पुण्या-मुंबईची माणसं काचेला नाक लावून बघायची. फोटो काढायची. पोरं काचेवर टकटक करायची. चुलीवरची भाकरी बघायला मिळते म्हणून बसेस थांबायच्या. मी त्या काउंटरची मुख्य होते. म्हणजे पीठ किती लागणार हे मी सांगायचं आणि कमी पडलं तर बोलणीही मीच खायची.

बेलवलकर साहेब नवे मॅनेजर. मुंबईच्या मोठमोठ्या हॉटेलांत काम करून आलेले. माणूस वाईट नव्हता. कधी आवाज चढवायचे नाहीत, शिपायालाही अहो-जाहो. पण ते आल्यावर पंधरा दिवसांत पुण्याच्या एका गॉगलवाल्या बाईनं तक्रार केली की भाकरीवाल्या बायका मला हसल्या. खरं तर त्या दिवशी नूरीभाभीच्या शेळीनं तिचं रेशनकार्ड खाल्लं होतं, त्याला आम्ही हसत होतो. पण काचेबाहेरच्या माणसाला आतलं काय ऐकू येणार? त्याला फक्त चार बायका आपल्याकडे तोंड करून हसताना दिसतात. साहेबांनी बाईंची माफी मागितली आणि दुसऱ्या दिवशी आमचं हे ट्रेनिंग काढलं.

ट्रेनिंग झाल्यावर त्यांनी ह्या नियमांचा एक छापलेला कागद माझ्यापुढे ठेवला. "मुख्य म्हणून तुमची सही. पुढच्या महिन्यापासून तुम्ही सुपरवायझर. वेगळा एप्रन, छातीवर नावाची पट्टी. शालन खवरे."

माझं नाव छापून पट्टीवर! आजवर ते शाळेच्या दाखल्यावर आणि मतदार यादीत सोडून कुठे छापलं नव्हतं. मी सही ठोकली. कागद वाचलाही नाही.

आता आमच्या पहिल्या भाकरीचं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

सकाळी साडेदहाला आमच्या चुली पेटायच्या. पहिली भाकरी विकायची नाही, हा हिराक्काचा नियम. ती सगळ्यांत जुनी, साठीची, एकटी. तवा तापेपर्यंत जिचा नंबर असेल तिनं आपलं दुखणं सांगायचं. नवऱ्याचं, सुनेचं, गुडघ्याचं, कुठलंही. अट एकच, रडून सांगायचं नाही. बाकीच्या हसल्या पाहिजेत. त्या हसल्या की पहिली भाकरी त्या दुखण्याच्या नावानं थापायची, चांगली दणादण, आणि चौघींनी खर्ड्याबरोबर वाटून खायची. हसल्या नाहीत तर ती भाकरी मागच्या कुत्र्याला, आणि तेच दुखणं उद्या परत सांगायचं, जरा बरं करून. मी माझी सासू अशी किती वेळा थापली असेल, तिलाही माहीत नाही. बिचारी नव्वदीपर्यंत ठणठणीत जगली.

नवरा गेल्यावर छाया महिनाभरानं कामावर परत आली, ती गप्पच. तिचा नंबर आला की हिराक्का विचारायची, "आज कुणाच्या नावानं, छाया?" ती म्हणायची, "उद्या." मग दुसरी कुणी आपलं सांगायची. आम्ही छायाला चौथा तुकडा द्यायचो, ती तो मुकाट खायची. सहा महिने 'उद्या' चाललं होतं.

तिला घरी जायला घर नव्हतं असं नाही. सासर तिथून चार मैलांवर, दीर संपत आमच्याच हॉटेलला दूध घालायचा. पण नवरा गेल्यावर त्या घरात तिनं काय बघितलं, ते तिचं तिला ठाऊक. चार वर्षांची पोर काखेत मारून ती हॉटेलच्या मागच्या खोलीत राहायला आली. ती खोली कामावरच्या माणसांसाठी होती. काम गेलं की खोली गेली, आणि खोली गेली की संपतच्या गोठ्याशेजारची पडवी. एवढं सरळ होतं.

ट्रेनिंगनंतर तीन आठवडे आम्ही शहाण्यासारख्या वागलो. भिंतीवर पाटी लागली, 'गेस्टसमोर हसू नये'. चुली पेटायच्या, पहिली भाकरी गिऱ्हाइकाच्या ताटात जायची, आम्ही दात काढून उभ्या. संध्याकाळी गाल दुखायचे. नूरीभाभी घरी गेली तरी तोंड मिटायचं विसरायची. तिच्या नवऱ्याला वाटलं, हिला कुठला तरी लकवा मारला. पण हे तिनं मला बसस्टॉपवर सांगितलं, काचेत नाही. काचेत आम्ही फक्त 'पीठ दे' आणि 'जाळ सार' एवढंच बोलायचो. भाकरी तीच, पीठ तेच, पण हात जड झाला होता. साठ भाकऱ्यांनंतर पूर्वी कळायचं नाही, आता वीस झाल्या की खांदा बोलायला लागायचा.

चौथ्या रविवारी सकाळी चुली पेटल्या. रविवार म्हणजे हॉल ओसंडून वाहणार, म्हणून मी घाईत होते. मी पहिला गोळा हातात घेतला, तोच छाया म्हणाली, "आज माझ्या नंबरावर मी सांगती."

कुणी काही विचारलं नव्हतं. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. तव्याकडे बघत सांगायला लागली.

काय सांगितलं ते त्याच्या जागी येईल. आत्ता एवढंच सांगते की आधी आम्ही तिघी श्वास धरून ऐकत होतो, मग हिराक्काचे चारही दात दिसले, मग नूरीभाभी चुलीपुढे बसकण मारून पोट धरून हसायला लागली. मला तर ठसकाच लागला. आणि आम्ही हसतोय हे बघून छाया हसली. सात महिन्यांचं एकदम बाहेर आलं. हातातली भाकरी मुडपून परातीत पडली, पिठाचा हात कपाळाला लागला, डोळ्यांतून पाणी, आणि आवाज असा की काच हलली असेल. मला इतकं बरं वाटलं की मी साहेब, पाटी, पट्टी सगळं विसरले.

मान वर केली तेव्हा काचेबाहेर दोन माणसं उभी होती. एक बेलवलकर साहेब. दुसरा संपत, दोन्ही हातांत दुधाच्या रिकाम्या किटल्या.

अकरा वाजता साहेबांनी मला ऑफिसात बोलावलं. संपत खुर्चीवर बसला होता, किटल्या पायाशी.

"सायेब, आमच्या घरची विधवा काचंत बसून खिदळतीया," तो म्हणत होता. "रस्त्यानं आमच्या गावची माणसं जात्यात. आमी त्वांड कुठं दावायचं? तिला घरी लावून द्या. आमची आमी सांभाळतो."

साहेबांनी माझ्याकडे कागद सरकवला. ह्या वेळी मी वाचला. छाया संपूर्ण नावानिशी, गेस्टसमोर गैरवर्तन, वारंवार सूचना देऊनही, आजपासून कामावरून कमी. खाली मुख्य म्हणून माझ्या नावाची जागा रिकामी.

"साहेब, गेस्ट कुठं होते? साडेदहाला हॉल रिकामा असतो."

"प्रश्न आजचा नाही, शालनताई. शिस्तीचा आहे. मी सगळ्यांना काढू शकत नाही. एकीला काढलं की बाकीच्या समजतील." ते हळू आवाजात बोलत होते. "आणि तिला घर आहे, माणसं आहेत. हे स्वतः न्यायला आलेत. तुमची पट्टी छापून आली आहे, बघा."

टेबलावर खरंच पट्टी होती. पांढऱ्यावर निळ्या अक्षरांत माझं नाव.

इथे मला एक गोष्ट सांगायला पाहिजे, जी मी आतापर्यंत गाळली. सांगायला जीभ रेटत नव्हती. छायानं त्या रविवारी पहिल्यांदा तोंड उघडलं नव्हतं. पाटी लागल्यावर दुसऱ्याच आठवड्यात एका सकाळी ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली होती, "काकी, आज मी सांगू?" सहा महिन्यांहून जास्त ज्याची आम्ही वाट बघत होतो ते तिच्या ओठावर आलं होतं. आणि मी म्हणाले होते, "गप. सायेब बघत्यात." ती गप बसली. त्या दिवशी ती दुपारचं जेवली नाही. मी बघितलं होतं. बघून पुढची भाकरी तव्यावर टाकली होती, कारण पुढच्या महिन्यात मला पट्टी मिळणार होती.

तेव्हा ऑफिसात मला साहेबांचा जितका राग आला, त्याच्या दुप्पट माझा आला.

"साहेब, पहिल्या कागदावर मी न वाचता सही केली," मी म्हणाले. "हा वाचलाय. ह्याच्यावर माझी सही व्हायची नाही."

"मग तुमच्या सहीशिवाय जाईल."

"जाऊ दे."

"शालनताई, विचार करा. दुपारचं जेवण होईपर्यंत वेळ आहे. तोपर्यंत काउंटरवर मला एकही आवाज नकोय. फक्त स्माइल. कळलं?"

"कळलं," मी म्हणाले. साहेबांनी कागद घडी करून खिशात घातला. मी पट्टी उचलली नाही. दारात संपत म्हणाला, "मी हितंच थांबतो. तिची पिशवी आन् पोरगी घिऊनच जाईन म्हंतो." मी त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही.

काचेत येऊन मी तिघींना सगळं सांगितलं. गाळलेलंही सांगितलं, छायासमोर. तिनं मला परातीतला एक गोळा करून दिला, जसं रोज द्यायची. मग पदरानं हात पुसून म्हणाली, "मी जाती, काकी. माझ्यापायी तुमचं..."

"कुठं जातीस?" हिराक्का कडाडली. "बस खाली. शालन, सायेब काय म्हनला? परत सांग. त्याच्याच शब्दांत."

"फक्त स्माइल. एकही आवाज नको."

"आन् स्माइल हलता कामा न्हाई, असं बी म्हनला हुता ना मागं?"

"व्हय."

"भाकर थापताना तर समदं अंगच हलतंय," हिराक्का म्हणाली. "मग कसं जमायचं? सायबाचं ऐकाय नगं का?"

नूरीभाभीनं आधी माझ्याकडे बघितलं, मग हातातला गोळा परातीत ठेवला. मी चुलीतली लाकडं मागे ओढली.

बारा वाजता हॉल भरला. साताऱ्याहून एक लग्नाचं वऱ्हाड, पुण्याची दोन कुटुंबं, नेहमीचे ट्रकवाले, शिवाय मालक. मालकांना सगळे आप्पा म्हणत. सत्तरीचा, जुन्या तालमीतला माणूस. दर रविवारी बारा वाजता ते कोपऱ्यातल्या टेबलावर जेवायला यायचे, दोन भाकऱ्या आणि वांगं, एकही शब्द न बोलता. त्यांच्यामागच्या बाकावर संपत किटल्या घेऊन बसला होता.

आम्ही चौघी काचेत ओळीने उभ्या राहिलो. हात एप्रनवर, मान सरळ, दात बाहेर. हलायचं नाही.

पहिली पाच मिनिटं कुणाच्या लक्षात आलं नाही. मग वेटर काउंटरला आला, "मावशी, बारा भाकरी." आम्ही स्माइल. "अवो मावशी?" स्माइल. तो दोनदा मागे वळून बघत गेला. दुसरा आला, तिसरा आला. ताटांत वांगी निवायला लागली. माणसं काचेकडे बघायला लागली. चार बायका, एकीला चारच दात, एकीच्या कपाळाला पीठ, सगळ्या आपल्याकडे बघून दात काढून उभ्या, आणि पापणीही लवत नाही. पुण्याच्या कुटुंबातला एक तीन वर्षांचा मुलगा काचेजवळ आला, त्यानं हिराक्काकडे बघितलं आणि भोकाड पसरलं.

साहेब धावत आले. काचेबाहेरून हातवारे केले. आम्ही त्यांच्याकडेही स्माइल केलं. मग दार सताड उघडून ते आत आले.

"हे काय चाललंय?"

तोंड न हलवता बोलता येत नाही, म्हणून मी बोलले नाही. पाटीकडे फक्त डोळे फिरवले.

"शालनताई, भाकरी थापा!"

स्माइल. माझे गाल जळत होते. छाया माझ्या शेजारी थरथरत होती. ती भीतीनं थरथरतेय की काय, मला कळेना.

वऱ्हाडातला एक फेटेवाला म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "आगाबाया! ह्या बायास्नी काय झपाटलंय का काय? आरं, कुणीतरी लिंबू उतरून टाका!"

हॉल हसला. सगळाच. ट्रकवाले, वऱ्हाड, रडणाऱ्या पोराची आईसुद्धा. आणि त्या हसण्यानं छायाचा बांध फुटला. ती भीतीनं थरथरत नव्हतीच. ती खळखळून हसली, सगळ्या हॉलसमोर, दिरासमोर, साहेबांसमोर. तिच्या मागोमाग आम्ही तिघी.

संपत उठला. "बगा आप्पा! तुमीच बगा आता! वरीस सरलं न्हाई नवरा जाऊन."

आप्पा सावकाश उठले, काचेच्या दारापाशी आले. हॉल गप्प झाला. त्यांनी साहेबांकडून दोन वाक्यांत सगळं ऐकून घेतलं. मग छायाला विचारलं, "सकाळी कशाला हसत हुता गं?"

मी पुढे झाले. "आप्पा, मुख्य मी हाय. काय विचारायचं ते..."

"काकी," छाया म्हणाली, "माझा नंबर हाय. मी सांगती."

तिनं कपाळाचं पीठ पुसलं. डोक्यावरचा पदर सारखा केला. आणि जे सकाळी तव्याकडे बघत सांगितलं होतं, ते आप्पांच्या तोंडाकडे बघत सांगितलं.

"ह्येंच्या दहाव्याला कावळा शिवंना, आप्पा. दोन तास झालं. समदी घाटावर हात जोडून हुबी. मग ह्ये भाऊजी फुडं झालं. म्हनलं, 'दादा, पोरीला शिकवतो.' कावळा हलंना. म्हनलं, 'वड्याकडंचा तुकडा वैनीच्या नावावर करतो.' कावळ्यानं त्वांड फिरवलं. मग मोठ्यांदा म्हनलं, 'दादा, वैनीला कवाबी वाकडा शबुद बोलनार न्हाई.' तर कावळा उडूनच गेला, पल्याडच्या बाभळीवर."

ट्रकवाल्यांच्या टेबलावर कुणीतरी खदखदलं. संपतच्या गावची माणसं त्या वऱ्हाडात होती की काय, त्याला ठाऊक. त्यानं मान खाली घातली.

"मग?" आप्पांनी विचारलं.

"मग मला राग आला. सकाळपास्नं प्वार उपाशी. आन् ह्ये जित्ते हुते तवाबी असंच करायचे. ताट वाढलं की दारात जाऊन बसायचं. ह्याच्याशी बोल, त्याच्याशी बोल. मी रोज येकच बोलायची, तवा उठायचे. त्येच बोलली. पदराआडून, हळूच."

"काय बोललीस?"

"'गिळायचं तर गिळा, न्हाईतर मी झाकून ठिवती आन् निजती.'"

"आन्?"

"आला की. पळतच."

आप्पांच्या मिशा हलल्या. मग त्यांचं पोट हलायला लागलं. मग तो एवढा मोठा माणूस काचेच्या दाराला धरून हसला. हॉल तर केव्हाचाच हसत होता. फेटेवाला म्हातारा डोळे पुसत "पळतच आला म्हनं" असं शेजाऱ्याला पुन्हा सांगत होता. मी साहेबांकडे बघितलं. त्यांनी वहीनं तोंड झाकलं होतं, आणि वही हलत होती.

छाया हसत नव्हती. हॉल शांत व्हायची ती वाट बघत होती. मग म्हणाली, "सात म्हैनं मला झोप न्हाई, आप्पा. वाटायचं, त्या मानसाला शेवटचा शबुद मी असला बोलली. पाप केलं. कुनाला सांगू? आज हितं सांगितलं आन् ह्या बाया हसल्या, तवा मला कळलं. त्यो दुसऱ्या कुनाचं ऐकून न्हाई आला. मला वळखून आला."

नूरीभाभीनं डोळ्यांना एप्रन लावला.

संपतनं किटल्या उचलल्या. दारापर्यंत त्यांचा खडखडाट ऐकू आला. पिशवी आणि पोर न्यायला तो पुन्हा आला नाही. दुधाला दुसऱ्या दिवसापासून त्याचा गडी यायला लागला. ओढ्याकडचा तुकडा मात्र त्यानं अजून दिलेला नाही.

"आता भाकरी मिळंल का?" आप्पांनी विचारलं.

"कागद साहेबांच्या खिशात हाय," मी म्हणाले. "तो आधी माझ्या हातात पाहिजे."

आप्पांनी साहेबांकडे नुसतं बघितलं. साहेबांनी खिशातून कागद काढून दिला. मी तो चुलीत घातला, वर लाकडं सारली, तवा ठेवला. त्या जाळावरची पहिली भाकरी आप्पांच्या ताटात गेली नाही. ती आम्ही चौघींनी काचेत उभ्या राहून, सगळ्या हॉलसमोर, खर्ड्याबरोबर खाल्ली. आप्पा थांबले. दुसरी त्यांची.

मला पट्टी मिळाली नाही. साहेबांनी ती टेबलाच्या खणात टाकली असावी. ते पुढे दोन वर्षं होते, पाटीही होती. काढायला कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही मागितलं नाही. त्याच पाटीखाली उभ्या राहून आम्ही रोज सकाळी साडेदहाला हसायचो. मी पुढे अकरा वर्षं तिथे काम केलं आणि त्या अकरा वर्षांत पुन्हा कुणाला 'गप' म्हटलं नाही.

गेल्या महिन्यात हिराक्का गेली. दहाव्याला कृष्णेच्या घाटावर आम्ही तिघी गेलो. मी, नूरीभाभी, छाया. छायाची पोर आता कॉलेजात आहे, तीही आली होती. कावळा समोरच्या भिंतीवर बसून होता. तासभर झाला तरी खाली येईना. हिराक्काचा पुतण्या हात जोडून एकेक कबूल करत होता. आत्याच्या नावानं अन्नदान करतो, देवळाला घंटा देतो. कावळा ढिम्म.

तेवढ्यात छायानं माझा हात धरला. दुसऱ्या हातानं नूरीभाभीचा. आम्हाला ओढत पार पुढे नेलं, पिंडापाशी, भिंतीच्या समोर.

"आक्का," ती कावळ्याला म्हणाली, "दात दिसलं पायजेत."

आणि आम्ही तिघींनी स्माइल केलं. मान सरळ, दात बाहेर, आवाज नाही. घाटावरची सगळी माणसं आमच्याकडे बघत होती. पाचएक सेकंद जमलं असेल. मग आधी नूरीभाभी फुटली, मग मी, मग छाया. मागून कुणीतरी म्हणालं, "लाज न्हाई ह्या बायास्नी, हितं तरी." आम्ही एकमेकींच्या खांद्यावर डोकी टेकून, डोळ्यांतून पाणी गळेपर्यंत हसत होतो.

कावळा शिवला, असं नंतर पुतण्या म्हणाला. आम्ही बघितलं नाही.